पहिला २०२५ डीसी बसवताना: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नवं काय, आणि हात कुठे कधी लावायचा

नव्या फीचर्सची यादी समोर आली की नवख्या ॲडमिनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातलं आधी काय चालू करू?" मी त्याला आधी दुसरे दोन प्रश्न विचारायला लावतो. यातलं काय मला न विचारता चालू होणार आहे? आणि काय एकदा चालू केलं की परत बंद करता येणार नाही? विंडोज सर्व्हर २०२५ मधल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे याच दोन प्रश्नांतून बघितलं, तर लांबलचक यादी बरीच आटोक्यात येते.

थोडी पार्श्वभूमी. ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. नेटवर्कमध्ये कोण आहे, कुठली मशीन आहेत आणि कोणाला काय उघडता येतं, याची नोंद ती ठेवते. ही नोंद ज्या सर्व्हरवर राहते तो डोमेन कंट्रोलर, म्हणजे बोलीभाषेत डीसी. २०१९ आणि २०२२ च्या आवृत्त्यांत डिरेक्टरीच्या बाजूने फारसं काही हललं नाही. फंक्शनल लेव्हल, म्हणजे कुठल्या आवृत्तीपर्यंतची डिरेक्टरी फीचर्स वापरता येतील हे ठरवणारा टप्पा, तीसुद्धा २०१६ वरच थांबली होती. १ नोव्हेंबर २०२४ ला सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या २०२५ मध्ये मात्र एकदम बरंच सामान आलं. म्हणूनच गेली काही वर्षं "नवा डीसी बसवायचा, जुना काढायचा, झालं" या सवयीने काम करणारे इथे अडखळतात.

पायरी १: आहे त्या घराची झडती

नवं काही आणण्याआधी तीन-चार गोष्टी बघून घ्या.

पहिली, फंक्शनल लेव्हल. २०२५ चा डीसी जोडायचा तर ती किमान २०१६ ची लागते. पॉवरशेलमध्ये गेट-एडीडोमेन आणि गेट-एडीफॉरेस्ट चालवलं की डोमेनची आणि फॉरेस्टची (सगळ्या डोमेनचा मिळून समूह), दोन्ही लेव्हल दिसतात. बऱ्याच ठिकाणी सगळे डीसी केव्हाच २०१९ किंवा २०२२ वर गेलेले असतात, पण लेव्हल वाढवायचं कोणाच्या डोक्यात आलेलं नसतं. ती तशीच जुन्या आकड्यावर बसलेली सापडते.

दुसरी, सिसव्हॉल. हे ग्रुप पॉलिसी आणि लॉगऑन स्क्रिप्टच्या फाइलींचं फोल्डर. त्याचं रेप्लिकेशन, म्हणजे सगळ्या डीसींवर प्रत पोचवणं, डीएफएसआर या यंत्रणेवर गेलेलं असायला हवं. जुनं एफआरएस आता चालत नाही. डीएफएसआरमिग कमांडला ग्लोबल स्टेट विचारा. उत्तर 'एलिमिनेटेड' आलं तर पुढे जा. दुसरं काहीही आलं तर आधी ते स्थलांतर पूर्ण करा, मगच नव्या डीसीचं बोला.

तिसरी, रेप्लिकेशनची तब्येत. रेपॲडमिनचा सारांश आणि डीसीडायग दोन्ही स्वच्छ यायला हवेत. "ती एक एरर नेहमीच येते" हे वाक्य कोणी उच्चारलं, तर त्या एररपासून सुरुवात करा.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात: फार जुने पासवर्ड. केर्बेरॉस ही डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत. २०२५ चा डीसी जुनं आरसी४ एन्क्रिप्शन वापरून तिचं मुख्य तिकीट, म्हणजे टीजीटी, देत नाही. तिकडे एखादं सर्व्हिस अकाउंट असतं, ज्याचा पासवर्ड डोमेनमध्ये एईएस हे नवं एन्क्रिप्शन येण्याच्या आधी लावलेला असतो आणि "बदलला तर काहीतरी बंद पडेल" या भीतीने कोणी त्याला हात लावलेला नसतो. अशा अकाउंटकडे एईएसच्या किल्ल्याच नसतात, कारण त्या पासवर्ड लावताना तयार होतात. उपाय साधा आहे: पासवर्ड बदला. पण कोणकोणती अकाउंट अशी आहेत हे आधी कळायला हवं. पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखेनुसार सगळी अकाउंट लावा आणि तळातली पंधरा-वीस नीट तपासा. त्यात केआरबीटीजीटी हे अकाउंटही येतं; टीजीटी त्याच्याच किल्लीने एन्क्रिप्ट होतात. तुमच्या तपासणीत सगळ्यात जुनी तारीख त्याचीच निघाली तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी २: एलडीएपीने कोण कोण बोलतंय

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात.

डिरेक्टरीला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एलडीएपी. विंडोज मशीन ती बहुतेक वेळा नीट, सही करून किंवा एन्क्रिप्ट करून बोलतात. पण नेटवर्कवर इतरही मंडळी असतात: स्कॅनर, फायरवॉल, हजेरीचं सॉफ्टवेअर, कोणीतरी कधीतरी लिहिलेली स्क्रिप्ट. यातले कित्येक जण पोर्ट ३८९ वर उघड्या मजकुरात नाव आणि पासवर्ड पाठवून मोकळे होतात. सर्व्हर २०२५ वर पूर्णपणे नव्याने उभारलेल्या डोमेनमध्ये एलडीएपी साइनिंगची सक्ती मुळातच चालू असते. जुन्या डोमेनमध्ये नवा डीसी आणताना कोणती पॉलिसी जिंकते हे गृहीत धरू नका. त्या डीसीवर प्रत्यक्ष लागू झालेली सेटिंग उघडून बघा.

मी हे शिकलो ते एका मल्टिफंक्शन प्रिंटरमुळे. चाचणीच्या नेटवर्कवर २०२५ चा डीसी बसवला. दुसऱ्या दिवशी कळलं की 'स्कॅन करून मेल करा' वर बोट ठेवलं की नावांची यादी रिकामी येते. स्क्रीनवर एरर नाही, काही नाही, नुसती रिकामी यादी. मी दोन तास डीएनएस तपासत बसलो. शेवटी नेटवर्कवरचा ट्रॅफिक पकडून पाहिला तेव्हा डीसी दरवेळी एकच उत्तर देत होता: एलडीएपी एरर ८, म्हणजे यापेक्षा भक्कम पद्धतीने ओळख पटव. प्रिंटर ते उत्तर गिळून गप्प बसत होता.

हे दोन तास तुम्ही वाचवू शकता, कारण जुने डीसी आधीपासूनच सांगत असतात. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये इव्हेंट २८८७ शोधा. गेल्या २४ तासांत असे किती असुरक्षित बाइंड (एलडीएपीवरचे लॉगिन) झाले याचा आकडा त्यात असतो. आकडा कळला, पण कोणाचे ते कळलं नाही. त्यासाठी रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नॉस्टिक्समधली '१६ एलडीएपी इंटरफेस इव्हेंट्स' ही किंमत २ करा. मग इव्हेंट २८८९ पडू लागतो, आणि त्यात समोरच्याचा आयपी पत्ता व वापरलेलं अकाउंट दोन्ही असतं. निदान महिनाभर हे चालू ठेवा. महिनाअखेरीस एकदाच जागी होणारी प्रणाली आठवड्याच्या नोंदीत सापडत नाही. लॉग भराभर भरतो, म्हणून त्याचा आकार आधी वाढवून ठेवा आणि काम संपलं की किंमत परत ० करा.

सापडलेल्या प्रत्येक उपकरणाला एलडीएपीएसवर, म्हणजे पोर्ट ६३६ वर न्या. २०२५ मध्ये या जोडणीला टीएलएस १.३ सुद्धा चालतं. चॅनल बाइंडिंगची, म्हणजे लॉगिन त्याच टीएलएस जोडणीशी बांधायची, सक्ती करायचा विचार असेल तर इव्हेंट ३०७४ आणि ३०७५ बघा. सक्ती केल्यावर कोण अडेल ते हे दोन इव्हेंट कोणालाही न अडवता सांगतात.

पायरी ३: पहिला डीसी

जुन्या डीसीवरच अपग्रेड चढवू नका. नवीन सर्व्हर कोरा उभा करा, त्याला डीसी बनवा, आणि जुना नंतर रीतसर उतरवा. कारण शेवटच्या पायरीत सांगतो; तिथे हा निर्णय आडवा येतो.

डीसी बनवताना विझार्ड स्वतःच स्कीमा, म्हणजे डिरेक्टरीत काय काय नोंदवता येतं त्याचा आराखडा, वाढवतो. २०१९ आणि २०२२ मध्ये स्कीमाची आवृत्ती ८८ होती, ती ९१ होते. त्यासाठी स्कीमा ॲडमिन आणि एंटरप्राइझ ॲडमिन या दोन्ही गटांचे अधिकार लागतात. काम झालं की त्या गटांतून बाहेर पडा. स्कीमाचा बदल मागे घेता येत नाही, तेव्हा आदल्या दिवशीचा सिस्टम स्टेट बॅकअप हाताशी असू द्या. आणि तो चाचणी नेटवर्कवर एकदा तरी रिस्टोअर करून पाहिलेला असू द्या.

डीसी उभा राहिला की तो रीस्टार्ट करा आणि फायरवॉलचं प्रोफाइल बघा. सर्व्हर २०२५ च्या सुरुवातीच्या बिल्डमध्ये एक दोष होता: रीस्टार्टनंतर डीसीला डोमेन प्रोफाइलऐवजी भलतंच प्रोफाइल लागायचं, आणि मग क्लायंटना तो डीसी सापडायचाच नाही. नेटवर्क अडॅप्टर रीस्टार्ट केलं की तात्पुरतं जमायचं. जून २०२५ च्या अपडेटमध्ये हे दुरुस्त झालं. म्हणजे इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल जुनी असेल तर आधी सगळी अपडेट्स, मग डीसी.

पायरी ४: न विचारता आलेले बदल

हे चालू करावे लागत नाहीत, फक्त माहीत असावे लागतात. गोपनीय म्हणून खूण केलेले ॲट्रिब्यूट (नोंदीतले रकाने) आता एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरच वाचता-लिहिता येतात. कॉम्प्युटर अकाउंट आधी हाताने तयार केलं तर त्याचा पासवर्ड मशीनच्या नावासारखाच ठेवायची जुनी पद्धत बंद झाली. त्यावर बेतलेल्या स्क्रिप्ट असतील तर त्या पडतील. एनटीएलएम या केर्बेरॉसच्या आधीच्या लॉगिन पद्धतीची आवृत्ती १ काढूनच टाकली आहे. डोमेनच्या छोट्या नेटबायोस नावावरून डीसी शोधायचा मेलस्लॉटचा जुना मार्गही नव्या क्लायंटवर मुळातच बंद असतो, तेव्हा कुठल्या सेटिंगमध्ये छोटं नाव लिहिलेलं असेल तिथे पूर्ण डीएनएस नाव घाला.

चौसष्टहून अधिक प्रोसेसर कोर वापरता येणं आणि एखाद्या ठरावीक जोडीदाराशी रेप्लिकेशनला जास्त प्राधान्य देता येणं, हेही यादीत आहे. प्रचंड मोठी डिरेक्टरी सांभाळत असाल तर उपयोगाचं. नसाल तर वाचून सोडून द्या.

पायरी ५: डीएमएसए, पण आधी ओयूचे अधिकार

माझ्या मते २०२५ मधलं सगळ्यात कामाचं फीचर हे, आणि सगळ्यात जपून हाताळायचंही हेच.

दुखणं जुनं आहे. एखादी सर्व्हिस चालवायला कोणीतरी साधं युजर अकाउंट बनवतो, पासवर्ड कायमचा ठेवतो, आणि तो पासवर्ड चार फाइलींत व तीन डोक्यांत राहतो. २०१२ मध्ये आलेल्या जीएमएसएने, म्हणजे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटने, पासवर्ड आपोआप बदलायची सोय केली, पण जुन्या अकाउंटवरून तिकडे जायचं म्हणजे प्रत्येक अधिकार, प्रत्येक गट नव्याने द्यायचा. म्हणून लोक जातच नाहीत. डीएमएसए, म्हणजे डेलिगेटेड मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, नेमकं इथे मदतीला येतं. नवं डीएमएसए तयार करायचं आणि ते जुन्या अकाउंटला जोडून स्थलांतर सुरू करायचं. मधल्या काळात डिरेक्टरी बघत राहते की जुनं अकाउंट कोणकोणत्या मशीनवर वापरलं जातंय, आणि त्या मशीनना नव्या अकाउंटची मुभा देत जाते. शेवटी स्थलांतर पूर्ण केलं की जुन्या पासवर्डने आत येणं बंद होतं आणि अधिकार डीएमएसएकडे जातात. गुपित मशीनच्या ओळखीशी बांधलेलं असतं, त्यामुळे पासवर्ड उचलून दुसरीकडे वापरायचा प्रश्नच उरत नाही.

आता सावधगिरीचा भाग. मे २०२५ मध्ये अकामाईच्या संशोधकांनी दाखवून दिलं की याच जोडणीचा उलटा वापर करता येतो. एखाद्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या विभागात) नवीन ऑब्जेक्ट तयार करायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो स्वतः एक डीएमएसए बनवून "मी अमुक अकाउंटचा वारस" अशी खोटी नोंद घालू शकत होता. ते अमुक अकाउंट डोमेन ॲडमिनचं असलं तरी. स्थलांतर खरोखर झालंय का हे डीसी तपासतच नव्हता. या हल्ल्याला बॅडसक्सेसर हे नाव पडलं. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने, सीव्हीई-२०२५-५३७७९ या क्रमांकाखाली, हे भगदाड बुजवलं. आता एकतर्फी जोडणी चालत नाही, दोन्ही अकाउंटकडून ती जुळावी लागते.

यात नवख्यांच्या नजरेतून एक बाब सुटते. तुम्ही डीएमएसए वापरा किंवा वापरू नका, डोमेनमध्ये २०२५ चा एक डीसी आला की हे दार अस्तित्वात आलं. म्हणून पहिला डीसी अपडेट न केलेल्या अवस्थेत एक रात्रही ठेवू नका. आणि ओयूंवरचे अधिकार उघडून बघा. हेल्पडेस्कला "युजर बनवता यावेत" म्हणून कधीकाळी सरसकट सगळे चाइल्ड ऑब्जेक्ट तयार करायची परवानगी दिलेली असते. ती फक्त युजर ऑब्जेक्टपुरती आणा. अपडेट लावलं तरी हे काम टाळू नका.

प्रत्यक्ष क्रम असा. केडीएस रूट की (मॅनेज्ड अकाउंटचे पासवर्ड जिच्यातून तयार होतात ती किल्ली) आहे ना ते बघा, नसेल तर तयार करा. ज्या सर्व्हरवर सर्व्हिस चालते तो स्वतः २०२५ चा असावा लागतो, आणि त्याच्या ग्रुप पॉलिसीत केर्बेरॉसखाली डीएमएसए लॉगऑनची सेटिंग चालू करावी लागते. मग एकच, फारशी महत्त्वाची नसलेली सर्व्हिस निवडा. स्थलांतर सुरू करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि किमान दोन आठवडे नुसतं बघत बसा. शेवटची कमांड द्यायची घाई झाली आणि एखादं मशीन अजून ओळखीत आलेलंच नसलं, तर तिथली सर्व्हिस बंद पडेल आणि जुना पासवर्डही चालणार नाही.

पायरी ६: लॅप्स

प्रत्येक मशीनच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवणारं विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आहे. २०२५ आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीबरोबर त्यात भर पडली. लोकल ॲडमिन अकाउंट लॅप्स स्वतःच तयार करतं. पासवर्डऐवजी शब्दांचा वाक्यांश ठेवता येतो, फोनवर कोणाला "कॅपिटल ओ की शून्य?" विचारायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना याची किंमत कळेल.

मला आवडलेली भर मात्र वेगळी आहे. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलं की मशीनमधला पासवर्ड जुना होतो आणि डिरेक्टरीत नवा राहतो. मग त्या मशीनमध्ये शिरायचं कसं? आता मशीन डिरेक्टरीतली एक खूण स्वतःजवळच्या खुणेशी ताडून बघतं आणि जुळली नाही तर लगेच पासवर्ड बदलून घेतं. यासाठी लॅप्सचा स्कीमा अपडेट करायची कमांड पुन्हा चालवावी लागते. पूर्वी एकदा चालवली होती म्हणून ती सोडू नका.

पायरी ७: लेव्हल १० आणि ३२ केबीची पानं

सगळे डीसी २०२५ वर आले की फंक्शनल लेव्हल वाढवता येते. तिचा क्रमांक १० आहे. २०१६ चा ७ होता, ८ आणि ९ कधी आलेच नाहीत. स्क्रिप्टमध्ये ७ नंतर ८ गृहीत धरलं असेल तर ती दुरुस्त करा.

या लेव्हलमागचं खरं फीचर म्हणजे डेटाबेसच्या पानाचा आकार. एनटीडीएस डॉट डीआयटी या फाइलमध्ये विंडोज २००० पासून ८ केबीची पानं होती. एका ऑब्जेक्टची नोंद एका पानात मावली पाहिजे, त्यामुळे अनेक किमती ठेवणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये साधारण बाराशेच्या आसपास किमती झाल्या की जागा संपायची. ३२ केबीच्या पानात ही मर्यादा सुमारे ३,२०० पर्यंत जाते.

इथे एक गैरसमज हमखास होतो: "म्हणजे आता ग्रुपमध्ये जास्त सदस्य मावतील." ग्रुपचं सदस्यत्व हे लिंक केलेलं ॲट्रिब्यूट आहे, ते वेगळ्या तक्त्यात राहतं, आणि त्याला ही मर्यादा कधी नव्हतीच. फरक पडतो तो लिंक नसलेल्या ॲट्रिब्यूटना. उदाहरणार्थ, एकाच सर्व्हिस अकाउंटवर शेकडो एसपीएन (केर्बेरॉसमधली सर्व्हिसची नावं) किंवा एका मेल अकाउंटवर ढीगभर पर्यायी पत्ते. तुमच्याकडे असं काही नसेल तर ही पायरी पुढच्या वर्षावर ढकला. काही बिघडणार नाही.

करायचीच असेल तर आता पायरी ३ आठवा. कोऱ्या सर्व्हरवर बसवलेल्या २०२५ डीसीचा डेटाबेस मुळातच ३२ केबीचा असतो, पण जुन्यांशी जुळवून घ्यायला तो ८ केबीचं सोंग घेऊन चालतो. जुन्या डीसीवर अपग्रेड चढवून २०२५ केलेला डीसी खरोखरच ८ केबीवर राहतो. आणि हे फीचर साऱ्या फॉरेस्टला एकदमच लागतं; असा एकही डीसी शिल्लक असेल तर ते चालू होत नाही. प्रत्येक डीसीच्या एनटीडीएस सेटिंग्ज ऑब्जेक्टवरचं जेट डीबी पेज साइज हे ॲट्रिब्यूट वाचा. सगळीकडे ३२७६८ दिसायला हवं. कुठे ते रिकामं किंवा ८१९२ असेल, तर तो डीसी उतरवून कोऱ्या सर्व्हरवर पुन्हा बसवा.

मग 'डेटाबेस ३२के पेजेस' हे ऑप्शनल फीचर चालू करायचं. ही एकाच दिशेची वाट आहे, परत येता येत नाही. त्याच्या आधी घेतलेले ८ केबीचे बॅकअपही त्या क्षणापासून, संपूर्ण फॉरेस्ट रिकव्हरी सोडली तर, निरुपयोगी होतात. बॅकअपचं सॉफ्टवेअर ३२ केबीची पानं समजतं का हे त्याच्या निर्मात्याला आधीच लेखी विचारून ठेवा; फॉरेस्ट रिकव्हरीच्या रात्री हा प्रश्न पडू नये. चालू केल्याच्या दिवशीच प्रत्येक डोमेनमधल्या किमान दोन डीसींचा नवा बॅकअप घ्या, त्यातला एक वेगळ्या नेटवर्कवर रिस्टोअर करून बघा, आणि जुन्या बॅकअपच्या फोल्डरला '८के – फक्त संपूर्ण फॉरेस्ट रिकव्हरीसाठी' असं नाव द्या.